चादरीखालचा टीव्ही

टीव्हीवर चादर टाकलेली होती. आईचीच, निळ्या फुलांची, नुकती धुतलेली. भिंतीवरच्या सपाट टीव्हीवर चादर ठरत नाही, घसरते. म्हणून वहिनीनं वरच्या कडेला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावले होते. आई गेली, तिला पोचवून मी खोपोलीला माझ्या घरी गेले होते. रजेचं सांगून, कपडे घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी माहेरी कडावला परत आले, आणि घरात पाऊल टाकल्यावर मला आधी दिसले ते चिमटे. एक लाल, एक हिरवा.

आमच्याकडे माणूस गेलं की टीव्ही बंद होतो. तेराव्यापर्यंत. आधी रेडिओ बंद व्हायचा, आता टीव्ही होतो. उद्या आणखी काही निघालं तर तेही होईल. मोबाईल मात्र कोणी बंद करत नाही. ओटीवर बसलेले सगळे पुरुष मान खाली घालून मोबाईलच बघत होते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं, दुःखानं मान खाली आहे.

आई ज्या खाटेवर गेली ती खाट परसात नेऊन ठेवली होती. तिच्या जागी जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता, वर टोपली. पिठावर कसली पावलं उमटतात ते दहाव्याला बघतात. माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं म्हणे. खाट टीव्हीसमोर होती, म्हणून दिवाही टीव्हीसमोर आला. चादर पांघरलेल्या टीव्हीकडे तोंड करून तो जळत होता. मला ते बघवेना. म्हणजे रडू आलं असं नाही. मी साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. वस्तू चुकीच्या फळीवर दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. तसं झालं.

“दादा,” मी म्हटलं, “ही चादर काढायची. संध्याकाळी आईची मालिका लावायची.”

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. टेंपो चालवतो, शेती बघतो, आणि घरातला शेवटचा शब्द आपला आहे असं समजतो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

“डोकं ठिकाणावर हाय का तुजं?”

“आईनं सांगितलंय.”

“कवा?”

“गेल्या दिवाळीत. मी तिची नखं कापत होते तेव्हा.”

खरंच तसंच झालं होतं. आई खाटेवर, मी खाली, तिचा हात माझ्या गुडघ्यावर. टीव्हीवर तिची आदल्या संध्याकाळची मालिका दुपारी परत लागली होती, आवाज एवढा की नेलकटरचा आवाज मला स्वतःला ऐकू येत नव्हता. मध्येच जाहिराती लागल्या, तेव्हा ती म्हणाली, “मी गेल्यावं ही लोकं टीव्ही बंद करतील. तू लावायला लाव. एकदा राह्यलं ते राह्यलं, आता नाय.” मी “बरं” म्हटलं आणि पुढचं बोट धरलं. काय राहिलं होतं ते मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं नाही.

आतलं बोलणं ऐकून आप्पा ओटीवरून उठून दारात आले. आप्पा बाबांचे चुलत भाऊ. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आता भाऊकीत आप्पाच सगळ्यात वडील. “पोरी,” ते म्हणाले, “आळीत आवाज जाईल. म्हातारीची राख थंड नाय झाली आन पोरं टीव्ही बघत्यात, असं बोलतील लोकं.”

“आप्पा, आवाज तिच्या वेळेला तरी कुठं कमी होता? तेव्हा कोणी काही बोललं नाही.”

“तवा ती होती.”

“तिनंच सांगितलंय म्हणते मी.”

“तुज्या आठवणीचा काय भरवसा?” दादा म्हणाला. “सगळी आळी म्हणते, आई टीव्हीवर आली तो कार्यक्रम बघितला. तू एकटी म्हणतेस कोणी बघितलाच नाय. आता परत तू एकटीच म्हणतेस आई असं बोलली. दर वेळी तूच गं बरी एकटी?”

ओटीवर दोघं-तिघं हसले. सुतकातही माणसं हसतात, फक्त तोंड फिरवून. दादानं फळीवरचा रिमोट उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून रबर लावलेला तो रिमोट. आवाज वाढवायच्या बटणावरची खूण आईच्या अंगठ्यानं पार पुसून गेलेली.

मी परसात गेले आणि आईच्या खाटेवर बसले. समोर भात कापणीला आलेलं, पिवळं, जड. उन्हात तापलेल्या ओंब्यांचा वास येत होता, थोडासा भाजल्यासारखा. हा वास मला आमच्या पहिल्या टीव्हीपाशी घेऊन जातो. कारण तो टीव्ही आला तोच मुळी भाताच्या पेंढ्यात गुंडाळून.

बाबा मोहोपाड्याला रसायनांच्या कारखान्यात होते. आठवडाभर तिथंच एका खोलीत राहायचे, शनिवारी घरी यायचे, आणि त्यांच्या कपड्यांना असा वास यायचा की गोठ्यातली म्हैस मान फिरवायची. एका शनिवारी ते टेंपोतून आले. मागे पेंढ्याचा ढीग आणि ढिगात टीव्ही. आळीतला पहिला. लाकडी पेटीतला, चार पायांचा, समोर पट्ट्यापट्ट्यांचं सरकतं दार. ते दार उघडताना खडखडत जायचं, शटर उघडावं तसं, पण लाकडाचं, त्यामुळे तो आवाज जरा अदबशीर वाटायचा. दाराला कुलूप होतं. किल्ली आईच्या कमरेला.

माथेरानचा डोंगर आडवा असल्यामुळे आमच्याकडे चित्र सरळ येत नसे. कौलांच्याही वर लांब पाईप बांधून अँटेना चढवली, तरी पडद्यावर मुंग्या असायच्याच. आम्ही मुंग्यांसकट बघायचो. मुंग्यांमागून माणसं बोलताहेत, नाचताहेत, बातम्या देताहेत. पुढे कधीतरी स्वच्छ चित्र दिसायला लागलं तेव्हा मला ते उघडंवाघडं वाटलं.

आणि तो रंगीत कागद. काळ्यापांढऱ्या पडद्यावर चिकटवायचा एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद मिळायचा तेव्हा: वर निळा, मध्ये पिवळट, खाली हिरवा. वर आभाळ, खाली गवत, असा हिशोब. शेताचं चित्र असलं तर तो जमायचा. पण बातम्या देणाऱ्या बाईचे केस निळे, तोंड पिवळं आणि साडी हिरवी. सगळ्यांची साडी हिरवी. नवरी असो, सासू असो, मंत्रीणबाई असो, त्या टीव्हीवर कमरेखाली सगळं जग हिरवं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संध्याकाळी दार उघडलं की आळी जमायची. पुरुष ओटीवर, बायका माजघराच्या उंबऱ्यापाशी, पोरं जमिनीवर पुढे. टीव्ही तापला की आतून एक वास यायचा: गरम धूळ, लाकडाचं पॉलिश, आणि त्यात बायकांच्या डोक्याचं खोबरेल, म्हशीचं दूध, विझलेल्या चुलीचा धूर. लोक हल्ली सांगतात, टीव्हीनं घरं तोडली, माणसं बोलेनाशी झाली. ज्यांच्या घरी बायका संध्याकाळी बसत असत, त्यांनी खुशाल म्हणावं. आमच्या घरी बसत नव्हत्या. टीव्ही यायच्या आधी मला आई बसलेली आठवतच नाही. ती वाकलेली आठवते, उभी आठवते, डोक्यावर काहीतरी घेऊन चाललेली आठवते. जेवतानासुद्धा एक गुडघा वर, कधी उठावं लागेल या तयारीत. मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून, हात मोकळे सोडून बसलेली आई मी पहिल्यांदा पाहिली ती त्या मुंग्यांच्या उजेडात. तिचं तोंड हिरवटनिळं दिसत होतं. ती हसत होती, आणि काय चाललंय हे तिला अर्धं कळत नव्हतं. म्हणून टीव्हीला कोणी नावं ठेवली की मी वाद घालते. समोरचा जिंकला तरी घालते.

आता तो कार्यक्रम. एका पावसाळ्यात मुंबईहून टीव्हीवाले आमच्या शेतावर आले. शेतकऱ्यांचा म्हणून संध्याकाळी काही कार्यक्रम लागायचा, त्यासाठी भाताची आवणी दाखवायची होती त्यांना. रोपं लावायला आम्ही आवणी म्हणतो. आमचीच जमीन का निवडली, कोणी सांगितलं, मला माहीत नाही. सडक जवळ होती म्हणून असेल. ते आले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. चिखलाचा तो गोडसर कुजका वास, बांधावर ठेवलेल्या रोपांच्या ओल्या मुठी, पावसासाठी बायकांच्या पाठीवर पानांची इरली. आई रांगेत सगळ्यात पुढे होती, कारण तिच्या हाताचा वेग कोणाला गाठता येत नसे. डाव्या हातात मूठ, उजव्या हातानं चार काड्या तोडल्या की खुपसल्या, तोडल्या की खुपसल्या. पाण्यात बोटं बुडायचा एक बारीक आवाज व्हायचा, बेडूक मिटक्या मारतो तसा. त्यांनी कॅमेरा तिच्यासमोर धरला. ती तपकिरी लुगड्यात होती, विटलेल्या, कासोट्यापर्यंत चिखल. मी बांधावर उभी होते.

त्यातल्या एकानं विचारलं, “बाई, यंदा पीक कसं येईल?”

आईनं वर पाहिलं. त्याच्याकडे नाही, त्याच्या पायांकडे. म्हणाली, “बूट बाहेर काढा आदी. रोपं तुडवताय.”

बस, एवढंच बोलली. तो गडबडीनं मागे सरला, तर आणखी चार रोपं गेली. बायका इरल्याखाली हसल्या. जाताना त्यांनी कार्यक्रम कधी लागणार ते सांगितलं. त्या दिवसासाठी बाबांनी कारखान्यात रजा टाकली. आईनं आदल्या दिवशी टीव्हीची काच राखुंडीनं पुसायला घेतली आणि बाबा ओरडले. आत्या येणार होती, मामा येणार होते. आई काही बोलत नव्हती, पण तिनं रोजचं लुगडं सोडून इस्त्रीचं पातळ काढून ठेवलं होतं. टीव्हीवर दिसणार होती ती चिखलातली आई. बघायला बसणारी मात्र नीटनेटकी हवी होती.

त्या दिवशी पहाटे समोरच्या घरातले गोमाबाबा गेले.

ते आमच्या भाऊकीतले नव्हते. नुसते शेजारी. सुतक आम्हाला नव्हतं. पण आळीत मयत झालं की तिसऱ्यापर्यंत कोणाच्याही घरी गाणीबजावणी नाही, हा रिवाज. दुपारी सगळं उरकून माणसं परत आली, आंघोळी झाल्या. संध्याकाळ व्हायला लागली तसे बाबा टीव्हीभोवती घुटमळायला लागले.

“आवाज बंद ठिवून बघू,” बाबा म्हणाले. “नुसतं चित्र.”

“नाय,” आई म्हणाली.

“दार लावून घेऊ.”

“उजेड दिसतो खिडकीतून. त्यांच्या पडवीतनं सरळ दिसतो.”

“अगं, तू येनार हाईस त्याच्यात. परत लागनार नाय ते.”

“त्यांची सून रडतीय तिकडं, आन मी हितं स्वतःला बघत बसू?”

तिनं दार ओढलं. खडखडत. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि समोरच्या घरी जाऊन बायकांत बसली. साधं रोजचं लुगडं नेसून. बाबा पाठीमागून भाताकडे निघून गेले.

मी टीव्हीसमोर बसले. बंद दारासमोर. लाकडाच्या पट्ट्या मोजण्यासारख्या जवळ होत्या. त्यातल्या एकीवर गाठ होती, डोळ्यासारखी. पॉलिशचा वास होता. समोरच्या घरातून बायकांचं रडणं येत होतं, चढायचं, उतरायचं, मध्येच कोणीतरी पाणी मागायचं. बाहेर अंधारत गेलं. आत्ता ती दिसत असेल, आत्ता ती वर बघत असेल, आत्ता बूट म्हणत असेल, असं मी मनात चालवत बसले. ती सगळ्या मुंबईला दिसत होती. आम्हाला नव्हती. आई परत आली तेव्हा तिनं मला तिथं पाहिलं. “ऊठ, भाकरी खा,” म्हणाली. तेवढंच.

तर हे माझ्या आठवणीत असं आहे. मी पाहिलं ते बंद दार. त्याची गाठ मला आजही काढून दाखवता येईल.

पण आळी ऐकेल तर ना. चार दिवसांनी कर्जतला दूध पोचवणारा माणूस आला आणि म्हणाला, “वहिनी, दिसलात तुमी. झाकपाक दिसलात.” त्याच्या ओळखीच्या कोणाकडे तरी त्यानं पाहिलं होतं, एवढंच त्यालाही सांगता आलं. त्या झाकपाकचं पीठ झालं, पिठाची भाकरी झाली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आत्या सांगायला लागली, “मी बघत होते ना, वहिनीनं कशी मान वर केली.” मामा सांगायचे, आईनं सरकारला खताचं विचारलं. दादा तर त्या काळात आजोळी शिकायला होता, तरी त्याला सगळं आठवतं: आई हसली, हात जोडले, आणि शेवटी नाव दाखवलं. आईचं नाव, खाली, मोठ्या अक्षरात.

आणि सगळ्यांना ती हिरव्या लुगड्यात आठवते.

मी पहिल्यांदा हे कोणाला तरी बोलून दाखवलं तेव्हा कॉलेजात होते. म्हटलं, “तिचं लुगडं तपकिरी होतं. हिरवं आपल्या टीव्हीवर सगळंच दिसायचं.” आत्या म्हणाली, “म्हंजे टीव्हीवर बघितली ना आमी? मंग?” नंतर नंतर मी बोलणं सोडलं नाही, फक्त सवयीनं बोलू लागले, जसं कोणी दर वेळी चहात साखर कमी सांगतं आणि दर वेळी जास्तच येते. माणसं आठवणीच्या बाबतीत मोठी एकजूट करतात. एकानं म्हटलं की दुसरा मान हलवतो, तिसरा त्यात रंग भरतो, आणि ज्याला काहीच दिसलं नव्हतं तो सगळ्यात ठाम असतो. पण आठवण हात वर करून ठरत नाही. पन्नास जणांनी बघितलं म्हटलं तरी कुलूप लागलेलं होतं ते लागलेलंच होतं.

आईला मात्र कोणी विचारलं नाही. ती ऐकून घ्यायची. लोक तिला तिचाच कार्यक्रम सांगायचे आणि ती “हो का” म्हणायची. एकदाच, त्या नखं कापायच्या दुपारी, ती म्हणाली, “राह्यलं ते राह्यलं.” तेव्हा मला कळलं, आळीत आणखी एकीला कुलूप आठवत होतं. किल्ली तिच्याच कमरेला होती म्हटल्यावर आठवणारच.

ऊन उतरलं. मी खाटेवरून उठले, आत आले, एक चिमटा काढला, दुसरा काढला. चादर आपोआप खाली आली. मी तिची घडी घातली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. एरवी ती आईच्या टीव्हीवरून रोज कुरकुरायची.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “रिमोट त्यांच्या खिशात हाय.”

“माहीत आहे.”

दादा आला. चादर बघितली. “मी सांगितलं ना तुला?”

“सांगितलंस. आता रिमोट दे.”

“नाय देनार.”

“मग मी टीव्हीचं बटण दाबते. मागं असतं, हात पोचतो माझा.”

“तू सासरची. तुजं सुतक तीन दिसाचं. आमाला लोकांत ऱ्हायचंय.”

हे त्यानं बोलायला नको होतं. मी म्हटलं, “तीन दिवसांचं तर तीन दिवसांचं. ते संपलं की मी जाईन. पण आई जे बोलली ते मला बोलली, आणि ते मी खाली ठेवून जाणार नाही. माझी आठवण खोटी वाटते ना तुला? वाटू दे. खोटी असली तरी टीव्ही लावल्यानं कोणाचं काय जळतंय?”

आप्पा दारात आले होतेच. ते काही म्हणणार, एवढ्यात पाठीमागून सखूकाकी आली. सखूकाकी म्हणजे समोरच्या घरातली, गोमाबाबांची सून. आता तीच म्हातारी झाली आहे, कमरेत वाकली आहे. सुतकाच्या घरी शेजारी जेवण आणतात, तसं तिनं भाकऱ्या आणि वालाची आमटी आणली होती. तिनं टोप खाली ठेवला आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं.

“काय चाललंय रं?”

“हिला टीव्ही लावायचाय,” दादा म्हणाला. “म्हनते आईनं सांगितलं. आन म्हनते आईचा कार्यक्रम कोनी बघितलाच नाय. काकी, तुमीच सांगा.”

“आरं, बघितला की,” काकी म्हणाली. “मी बघितली ना तिला. हिरव्या लुगड्यात, पदर खोचलेला. हसली बी.”

दादानं माझ्याकडे बघितलं. बघ, म्हणून.

मी काकीपाशी खाली बसले. “काकी,” मी म्हटलं, “त्या दिवशी पहाटे गोमाबाबा गेले ना? तुमचे सासरे. त्या संध्याकाळी तुम्ही कुठं होता?”

“घरात. रडत होते. बायका होत्या सगळ्या.”

“आई कुठं होती?”

“माज्या बाजूला. पाणी पाजत होती मला…” काकी थांबली. तिचा हात टोपाच्या झाकणावर होता, तो तसाच राहिला. दिव्याची वात जराशी तडतडली. “खरंच की गं,” ती म्हणाली. “ती माज्याजवळ होती. मंग मी तिला टीव्हीवर कुठं बघितली?”

तिनं झाकण टोपावर नीट बसवलं.

“पन बघितली गं मी,” काकी म्हणाली. “हिरव्या लुगड्यात. आता बी दिसते.”

“दिसू दे, काकी.”

“आमच्या मयतीनं तिचं राह्यलं म्हन की.” तिनं आप्पांकडे बघितलं. आप्पा वयानं मोठे असले तरी काकी त्यांना कधी भ्यायली नाही. “आन हे तिनं कधी बोलून नाय दाखवलं. येवढी वर्सं समोरासमोर राह्यलो, पान्याचा हंडा उचलून दिला येकमेकीला, पन नाय.” मग ती भिंतीकडे सरकली. आईची खाट असायची त्या जागेच्या थोडं बाजूला, दिवा सोडून, भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसली. “लाव गं पोरी. मी बसते हितं. आळीत कोन बोलतो ते बघू. बोलला तं सांगा, गोमाबाबाच्या घरच्यांनी लावायला लावला.”

आप्पांनी घसा खाकरला. “बारीक आवाजात लावा,” म्हणाले, आणि ओटीवर न जाता दाराला टेकून उभे राहिले.

दादा हलला नाही. मी हात पुढे केला. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, मग खिशात हात घातला. रिमोट काढला, पण मला दिला नाही. स्वतःच बटण दाबलं. टीव्ही लागला. कुठलीशी जाहिरात होती. त्यानं न बघता चॅनल लावलं, अंगठ्याला पाठ असल्यासारखं. मालिका सुरू झालेली होती. एक बाई जिन्यावरून उतरत होती, दुसरी तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती.

“ही कोन?” काकीनं विचारलं.

“मोठी सून,” दादा म्हणाला. “पलीकडची तिची सवत. म्हंजे तसं अजून कोनाला माहीत नाय. फक्त सासूला माहीत हाय.”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. हा रोज संध्याकाळी ओटीवरून ओरडायचा, आई, आवाज कमी कर, डोकं उठलं. आणि जिन्यावरची कोण, खालची कोण, सगळं त्याला पाठ होतं.

“आन तो म्हातारा?” काकी.

“तो मेलाय म्हनून फोटोला हार घातला होता. पन तो मेलेला नाय. आई म्हनायची, बघ, हा येनार परत. मी म्हनायचो, येड लागलंय तुला.” त्यानं रिमोटवरचं रबर नीट केलं. “आला.”

बारीक आवाजात बायकांचं भांडण चालू होतं. ओठ हलत होते, शब्द नीट ऐकू येत नव्हते. टोपलीच्या चिरांमधून दिव्याचा उजेड पिठावर हलत होता. बाहेर आळीत कोणाची तरी गाडी थांबली, पुढे गेली. आप्पा अंग चोरून जरा आत सरकले.

दादा रिमोट हातात धरून तसाच उभा होता. मग त्यानं अंगठा त्या पुसलेल्या बटणावर ठेवला आणि दाबला. परत दाबला. दाबत राहिला. आवाज चढत गेला, खोलीभर झाला, ओटीवर गेला, अंगण ओलांडून समोरच्या पडवीपर्यंत गेला.

“अरं, किती!” आप्पा म्हणाले.

“येवढ्याशात तिला ऐकू येत नाय,” दादा म्हणाला.

मी त्याच्या ‘येत नाय’चं ‘यायचं नाय’ केलं नाही. चादरीची घडी मांडीवर घेतली आणि काकीच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून बसले.